सांग वं कांडी, त्यायले

तांडापेठेतल्या रामाजी नंदनवाराला वाक्य पुरं करता येत नसे. तो तोतरा नव्हता, मुका नव्हता, बावळट तर मुळीच नव्हता. मागावर बसला की नऊवारीचा काठ त्याच्या हातून असा उतरायचा, की विणकर सोसायटीचे लोक ते लुगडं चांगल्या गिऱ्हाइकासाठी बाजूला काढून ठेवायचे. पण बोलायला लागला की गडी अर्ध्यावर थांबायचा. “आज पाणी...” म्हणायचा आणि आढ्याकडे पाहत बसायचा. पाणी आलं, की पाणी गेलं, की पाणी गढूळ आहे, ते ऐकणाऱ्यानं आपापल्या नशिबानं ओळखायचं.

लग्न होऊन गोपिका घरात आली आणि ही अडचण संपली. ती पवनीची, तोंडाची चलाख, हाताची त्याहून चलाख. रामाजीनं “आज पाणी...” म्हटलं की चुलीपासून आवाज यायचा, “...जपून वापरा, नळ गेला.” त्यानं ताटावर बसून “भाजीत...” म्हटलं की उत्तर तयारच, “...मीठ कमी आहे. माहीत आहे मले, वरून घ्या.” वाक्य त्याच्या तोंडात सुरू व्हायचं आणि तिच्या तोंडात संपायचं. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. शेजारचा देवाजी म्हणायचा, “तुम्हा दोघाईले एकच जीभ पुरते गा रामाजी. स्वस्तातला संसार आहे.”

अशी कितीतरी वर्षं गेली. मग शामलाला पाहायला उमरेडचे पाहुणे आले.

शामला ही त्यांची एकुलती एक लेक. मुलाचा चुलता महादेवराव मोठा मानकरी माणूस, मिशीला पीळ देत सतरंजीवर मधोमध बसलेला. त्यानं विचारलं, “पोरीले काय काय येते?”

“पोरीले...” रामाजी म्हणाला आणि थांबला. त्याला सांगायचं होतं की पोरगी मागावर बसते, लुगड्याचे पदर विणून उतरवते, तिच्यासारखा हात पेठेत दुसरा नाही. अभिमानाच्या भरात तो नेहमीपेक्षा जरा जास्तच थांबला.

दाराआडून गोपिका म्हणाली, “...सारं येते जी. फक्त सकाळी हलवून उठवा लागते.”

पाहुणे हसले. देवाजी हसला. आत शामलासुद्धा पदर तोंडाला लावून हसली. महादेवरावही हसला, पण हसताहसता म्हणाला, “या घरचा कारभारी कोण आहे हो? आम्ही बोलावं तरी कोणासंगं?”

रामाजीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. तो वळला आणि दाराकडे पाहून म्हणाला, “माह्या तोंडातले शब्द काढून घेतल्याबिगर तुले अन्न पचत नाही का, आपलं तोंड बंद ठेव आता कायमचं.”

सारं एका दमात. मध्ये कुठे थांबणं नाही, अडखळणं नाही. जन्मात एक वाक्य पुरं केलं गड्यानं, आणि तेही असलं!

गोपिकानं तोंड बंद केलं. नवऱ्यानं कायमचं म्हटलं होतं, तिनं कायमचं धरलं. सोयरीक जुळली, लग्न झालं, वऱ्हाड जेवून गेलं. नवराबायको एकमेकांशी बोलत नाहीत हे लग्नघरात कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण लग्नघरात कोण कोणाशी धड बोलतं? शामला सासरी गेली, मांडव उतरला, आणि मग घरातली शांतता रामाजीला ऐकू यायला लागली.

घरात तिसरा जीव होता तो म्हणजे कांडी. धोट्यात सुताची जी बारीक नळी बसवतात तिला कांडी म्हणतात. ही मांजर पिल्लू असताना घरंगळणाऱ्या कांड्यांमागे दिवसभर धावायची, म्हणून तिचं नाव कांडी. विणकराच्या घरी मांजर शोभेसाठी नसते. सुताला भाताची खळ लावतात, त्या वासानं उंदीर येतात आणि महिनाभराची मेहनत एका रात्रीत कुरतडून टाकतात. कांडी आल्यापासून ताण्याच्या उभ्या सुताला दात लागला नव्हता. राखाडी रंग, एक कान फाटका, आणि स्वभाव गोपिकासारखाच, म्हणजे मर्जी असली तर जवळ, नाही तर कौलावर.

गोपिका आता कांडीशी बोलायला लागली. “सांग वं कांडी, त्यायले, भाकर वाढली.” “सांग वं कांडी, त्यायले, सोसायटीतून बलावणं आलं.” कांडी पंजा चाटत बसायची, आणि निरोप दोन हातांवर बसलेल्या रामाजीला पोचायचा. पहिल्यांदा त्याला हसू आलं. नंतर राग आला. मग त्यानं स्वतःही करून पाहिलं. “कांडी, तिले सांग...” एवढं म्हणून तो थांबला. मांजर त्याच्याकडे पाहत राहिली. मांजरीला काही वाक्य पुरं करता येत नव्हतं.

त्याची अर्धी वाक्यं घरभर पडून राहू लागली. बाहेरही तेच. दुकानदार कंटाळून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचा. सोसायटीत त्यानं “मले चाळीस नंबरचं...” म्हटलं आणि पुढचं सांगायच्या आत कारकुनानं भलत्याच रंगाचं सूत त्याच्या गळ्यात मारलं. तेव्हा त्याला कळलं की आपण आजवर जगात वावरलो ते बायकोच्या जिभेवर. आणि तीच जीभ आपण चार लोकांत छाटली.

माफी मागावी असं त्याच्या मनात फार होतं. जेवण झाल्यावर, ती कांड्या भरायला रहाटापाशी बसली की तो जवळ जायचा. “मी तुले त्या दिवशी...” म्हणायचा. रहाट फिरायचा थांबे. ती मान खाली घालून वाट पाहायची. पुढचं काही येत नाही असं दिसलं की पुन्हा रहाट सुरू. असं किती वेळा झालं कोण जाणे.

त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात सुताचा दुष्काळ पडला. पेठेतले माग बंद झाले आणि तांडापेठेत अशी शांतता पसरली की लोक झोपेतून दचकून जागे होत. गोपिकाचा भाऊ बाबनराव तामियाला जंगल खात्याच्या बंगल्यावर चौकीदार होता. छिंदवाड्याच्या पुढे, डोंगरावर. त्यानं एका ट्रकवाल्याबरोबर निरोप धाडला, की माग बंदच आहेत तर आठ दिवस हवा खायला या, इथं वैशाखातही रात्री पांघरूण लागतं. आमच्या पेठेतून हवा खायला आजवर कोणी गेलं नव्हतं. लग्नाला जायचे, मयताला जायचे, देवाला जायचे.

त्या संध्याकाळी गोपिकानं कांडीला मांडीवर घेतलं. “सांग वं कांडी, त्यायले, मी बाबनकडे चालली. आणि तू बी चाल माह्यासंगं. तुले इथं कोण पाहीन?”

“किती दिवस...” रामाजी म्हणाला.

गोपिकानं कांडीला खाली ठेवलं आणि पेटी भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी ती पाण्याला गेली असताना त्यानं तिची पत्र्याची पेटी उघडून पाहिली. चोरून पाहणं त्याच्या स्वभावात नव्हतं, पण राहवलं नाही. वर रोजची लुगडी. खाली शाल. असू दे, तिथं थंडी असते. त्याच्या खाली दिवाळीचं लुगडं. आणि अगदी तळाशी, फडक्यात गुंडाळून, तिच्या आईनं लग्नात दिलेलं पितळी फुलपात्र. रामाजी तिथंच बसला. हवा खायला जाणारी बाई माहेरचं फुलपात्र नेत नाही. ती परत येणार नव्हती.

ती पाण्याची गुंडी घेऊन आली तेव्हा तो उंबऱ्यात उभा होता. “मी बी...” तो म्हणाला.

गोपिकानं गुंडी उतरवली आणि मांजरीकडे पाहिलं. “येतात तर येऊ दे वं कांडी. तुही टोपली कोण उचलन?”

छिंदवाड्याची छोटी लाईन इतवारी स्टेशनवरून सुटायची. डबा लहान, बाकं लाकडी, माणसं समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसलेली. देवाजी पोचवायला आला होता. कांडी सुताच्या मोठ्या बांबूच्या टोपलीत होती. टोपलीच्या तोंडावर रामाजीनं कोऱ्या मांजरपाटाचं फडकं ताणून सुतळीनं बांधलं होतं, जाडंभरडं पण हवा जाईल असं.

“टीसी आला तर?” देवाजी खिडकीतून हळूच म्हणाला. “जनावर डब्यात चालत नाही गा. ब्रेकमध्ये द्यावं लागते, गार्डाच्या डब्यात. नाही तर उतरवून देतात. मागे एकाले बकऱ्यासहित उतरवलं, सारा घाट पायी चढला तो.”

गोपिकानं टोपली मांडीवर ओढली. तिच्या चेहऱ्यावर साफ लिहिलं होतं की कांडी ब्रेकमध्ये जाणार नाही, आणि कांडी उतरली तर मीही उतरेन, आणि त्यानंतर तुम्ही आणि मी दोन वाटांना.

“सोपं आहे,” देवाजी म्हणाला. “टोपल्यात काय आहे विचारलं तर म्हणायचं, सूत आहे. कोष्ट्याच्या टोपल्यात सुताबिगर काय राहते? दोनच शब्द. म्हण पाहू.”

“सूत...” रामाजी म्हणाला.

देवाजीनं कपाळाला हात लावला. गाडी सुटली.

रामाजी मनातल्या मनात घोकत राहिला. सूत आहे. सूत आहे. चाकांचा आवाजही तोच निघत होता. मनात वाक्य पुरं व्हायचं, ओठांपाशी आलं की दुसरा शब्द गळून पडायचा. खोटं बोलायची सवय नाही हे एक, आणि खरंही पुरतं बोलायची सवय नाही हे दुसरं. उन्हाचा ताव वाढत होता. इंजिनाचा कोळसा डोळ्यांत जात होता. खापरखेड्याच्या अलीकडेच टोपलीतून पहिला आवाज आला, “म्याऊ.”

रामाजी जोरात खोकला.

समोर जिजाबाई नावाची एक म्हातारी बसली होती, रामाकोन्याला लेकीकडे चाललेली. तिच्या मांडीवर लोणच्याची बरणी होती. ती म्हणाली, “खोकला लय आहे तुम्हाले.”

“म्याऊ,” टोपली म्हणाली.

रामाजी पुन्हा खोकला. नाकातोंडातून पाणी येईपर्यंत खोकला. जिजाबाईनं टोपलीकडे पाहिलं, रामाजीकडे पाहिलं, मग गोपिकाकडे वळली. “बाई, कोणत्या गावच्या वं तुम्ही?”

गोपिका खिडकीबाहेर पाहत होती.

“बाई, मी तुम्हालेच इचारून राहिली.”

गोपिकानं नुसती मान हलवली. तिनं माणसांशी बोलणं जवळपास सोडलंच होतं. एका माणसाशी अबोला धरता धरता तो साऱ्यांवर पसरला होता. जिजाबाईचा चेहरा बदलला. तिनं रामाजीला हळू आवाजात विचारलं, “काहून गा, बोलत नाही का ही?”

“ती...” रामाजी म्हणाला.

इथं त्याला खूप सांगायचं होतं. ती बोलते, तिच्यासारखं कोणी बोलत नाही, पेठेतल्या बाया तिचं बोलणं ऐकायला कांड्या घेऊन आमच्या ओसरीत बसतात, मीच तिला गप्प केलं. हे सारं ‘ती’च्या पुढे उभं होतं आणि एक अक्षर बाहेर पडत नव्हतं. सवयीनं त्यानं गोपिकाकडे पाहिलं. तिनंही त्याच्याकडे पाहिलं. पण ती बोलली नाही.

“...मुकी आहे,” जिजाबाईनं वाक्य पुरं केलं. “अरेरे. एवढी देखणी बाई!”

सगळा डबा हळहळला. कोणी गोपिकाला केळं दिलं, कोणी खिडकीकडची जागा नीट करून दिली. रामाजीला वाटलं की भुईनं पोटात घ्यावं. परक्या बाईनं आपलं वाक्य पुरं केलं, आणि ते चुकीचं केलं, आणि आपण ते तसंच राहू दिलं.

सावनेरला गाडी पाणी घ्यायला थांबली. जिजाबाई पेंगत होती, बाकीचे नळाकडे गेले होते. टोपलीतला आवाज बंद झाला होता. रामाजीनं हात लावून पाहिलं तर फडकं तव्यासारखं तापलेलं. मांजर उष्म्यानं मेली तर नाही? त्यानं सुतळी सैल केली आणि फुलपात्र पेटीच्या तळाशी होतं म्हणून ओंजळीतच पाणी धरलं. आतून गरम नाक लागलं, खरखरीत जीभ लागली. जीवात जीव आला. तेवढ्यात इंजिनानं शिट्टी मारली.

कांडी बंदुकीच्या गोळीसारखी निघाली. एक पाय रामाजीच्या छातीवर, एक खिडकीच्या काठावर, अर्धं अंग बाहेर. रामाजीनं दोन्ही हातांनी तिला धरलं. तिनं मनगटापासून कोपरापर्यंत नखं ओढली. त्यानं सोडली नाही. बाहेर फलाट, त्यापलीकडे रूळ, त्यापलीकडे उघडं रान. ती एकदा गेली असती तर या जन्मी सापडली नसती. गाडीला हिसका बसला, लोक धावत डब्यात चढायला लागले, आणि रामाजीनं मांजर टोपलीत कोंबून वर स्वतःची छाती टेकली. गोपिकाचे हात कधी आले त्याला कळलं नाही, पण सुतळीची गाठ तिनं मारली.

तिनं त्याच्या हाताकडे पाहिलं. रक्ताच्या रेघा ओघळत होत्या. तिनं तोंड उघडलं. रामाजीला वाटलं, आता बोलेल. तिनं पदराचा कोपरा ओला करून त्याच्यापुढे धरला, आणि तोंड पुन्हा मिटलं.

सौसरला टीसी चढला.

तो सौसरकडचाच होता, मराठी बोलणारा, काळ्या कोटाखाली घामानं निथळलेला आणि त्यामुळे चिडलेला. दाराजवळच एक माणूस पाटीखाली कोंबड्या घेऊन बसला होता. टीसीनं त्याचं काही ऐकलं नाही. “ब्रेकमध्ये नाही दिल्या ना? मंग उतर.” माणूस हातापाया पडला. पाटी आधी खाली गेली, मग माणूस गेला. गाडी सुटली तेव्हा तो फलाटावर कोंबड्यांसह उभा राहून गाडीकडे पाहत होता. गोपिकानं ते पाहिलं आणि टोपलीभोवती दोन्ही हात घट्ट धरले. रामाजीनं तिला असं भ्यालेलं कधी पाहिलं नव्हतं, शामला जन्मली त्या रात्रीही नाही.

सूत आहे, रामाजी घोकत होता. सूत आहे, सूत आहे, सूत आहे.

टीसी बाकामागून बाक तिकिटं पाहत आला. जिजाबाईचं तिकीट पाहिलं. रामाजीची दोन तिकिटं पाहिली. मग त्याची नजर रामाजीच्या हातावर गेली. “हे काय झालं?”

“हे...” रामाजी म्हणाला.

“आणि या टोपल्यात काय आहे?”

सूत आहे. दोनच शब्द. रामाजीनं दम घेतला, तोंड उघडलं, आणि जन्मभर खरं बोललेल्या त्या तोंडातून जे खरं होतं तेच बाहेर पडलं.

“मांजर...”

झालं. तो थांबला. आता थांबून काय उपयोग होता? टीसीच्या भुवया वर गेल्या, जिजाबाईची मान पुढे आली. रामाजीला सौसरच्या फलाटावरचा तो कोंबड्यावाला दिसला, त्याच्या जागी गोपिका दिसली, टोपली दिसली, पेटी दिसली, पेटीतलं फुलपात्र दिसलं. सगळं गेलं. आपल्याच जिभेनं पुन्हा एकदा गेलं.

“...पाट.”

आवाज इतका घोगरा होता की कोण बोललं हे कोणालाच कळलं नाही.

“काय?” टीसी म्हणाला.

“मांजरपाट,” गोपिका म्हणाली. “मांजरपाट आहे साहेब, कोरा. भावाकडे अंथरुणाले नेऊन राहिलो. आम्ही कोष्टी लोकं, आमच्या टोपल्यात काय राहीन दुसरं? हा पाहा ना, वर दिसून राहिला.” आणि तिनं टोपलीवरच्या फडक्यावर थाप मारली.

“अगं आई!” जिजाबाई किंचाळली. लोणच्याची बरणी कलली. “बोलली! मुकी बाई बोलली! देवा, माह्या डोळ्यादेखत बोलली!” सगळा डबा उठून उभा राहिला. कोणी हात जोडले, कोणी मागच्या बाकावरच्यांना ओरडून सांगितलं. टीसीला काय झालं ते कळेना. “कोण मुकी? कोण बोललं? बसा पाहू सारे खाली!”

आणि नेमकं तेव्हाच टोपलीवरचं फडकं मधोमध वर उचललं गेलं, खाली बसलं, पुन्हा वर उचललं गेलं.

टीसी त्याच्याकडे पाहत राहिला. गोपिकानंही पाहिलं. “ते...” ती म्हणाली. माणसांशी बोलायला महिनोन्महिने न वापरलेला गळा एवढ्यातच सुकला होता. “ते वाऱ्यानं...” पुढे आवाजच फुटेना. तिनं रामाजीकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदा तिचं वाक्य अडलं होतं.

“...हलते,” रामाजी म्हणाला.

त्याचं त्यालाच नवल वाटलं. इतका सोपा होता तो शब्द.

टीसीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. रामाजीच्या ओरबाडलेल्या हाताकडे पाहिलं. बाहेर वाऱ्याची झुळूकही नव्हती, एक पान हलत नव्हतं. त्यानं कोटाच्या बाहीनं कपाळ पुसलं. “मी पुढल्या बाकावर बसून आहे रामाकोन्यापर्यंत,” तो म्हणाला. “तुमचा मांजरपाट बोलला नाही पाहिजे. बोलला तर तिघंही खाली.”

तो जाऊन बसला, त्यांच्याकडे पाठ करून. रामाकोना येईपर्यंत रामाजीनं टोपलीवर हात ठेवला होता आणि त्याच्या हातावर गोपिकाचा. कांडीनं एकदा घशातल्या घशात गुरगुर केली. टीसीचं डोकं हललं, पण तो वळला नाही. जिजाबाई मोठमोठ्यानं आपल्या लेकीच्या सासूचं गाऱ्हाणं सांगू लागली, अशा आवाजात की त्यात वाघ ओरडला असता तरी ऐकू गेला नसता. रामाकोना आलं. टीसी उतरला. त्याच्यामागे जिजाबाई उतरली आणि जाताजाता खिडकीतून म्हणाली, “जप वं बाई तुहा मांजरपाट. उंदीर चांगले धरत असन.”

डबा बराच रिकामा झाला. गाडी घाटाला लागली, दोन्ही बाजूंनी सागाचं जंगल, आणि पहिल्यांदा थोडी गार हवा आत आली. गोपिकानं सुतळी सोडली. कांडीनं फाटका कान बाहेर काढला, मग डोकं, आणि दोघांकडे अशी पाहू लागली जणू या सगळ्या गोंधळाशी तिचा काही संबंध नाही.

रामाजी वाट पाहत होता. ती आता कांडीकडे पाहून म्हणेल, सांग वं कांडी, त्यायले. ती काही म्हणाली नाही. टीसीशी बोलली ते बोलली, माझ्याशी कुठे बोलली, त्याच्या मनात आलं. त्याला भीती वाटली की हे असंच राहील.

“मी तुले त्या दिवशी...” तो म्हणाला.

तेच वाक्य. तिथंच थांबलं. गोपिकानं मान खाली घातली. चाकं घाटात कुरकुरत होती. रामाजी खिडकीची सळई धरून बसला होता.

“...उगाच बोललो,” गोपिका म्हणाली. “चार लोकात. तुहा जीव तुटला असन, हे मले तेव्हा समजलं नाही.”

हे सगळं तिनं त्याच्या वतीनं म्हटलं, त्याच्याच आवाजाच्या ढंगात, मांजरीच्या पाठीवरून हात फिरवत. रामाजीचे डोळे भरून आले. “हो,” तो म्हणाला. “हो. हेच. हेच होतं.”

“माहीत आहे मले. कधीचं माहीत आहे,” ती म्हणाली. “पण तुमचं तुम्ही म्हणाल, म्हणून थांबली होती.”

कांडी टोपलीतून उतरून दोघांच्या मधल्या जागेत बसली. खूप वेळ कोणी बोललं नाही, आणि ती शांतता रामाजीला जड गेली नाही. बोगद्यातून गाडी बाहेर आली तेव्हा त्यानं बाकाखालच्या पत्र्याच्या पेटीकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

“आठ दिवसांनी...” तो म्हणाला आणि सवयीनं थांबला.

गोपिका त्याच्याकडे पाहत राहिली. “नाही,” ती म्हणाली. “हे मी नाही बोलणार. हे तुम्हीच बोला.”

रामाजीनं दम घेतला. सळई सोडली. कपाळाला घाम आला. समोर गोपिका वाट पाहत होती, रहाटापाशी पाहायची तशीच.

“घरी चाल,” तो म्हणाला.

गोपिकानं पदरानं तोंड पुसलं. मग पायानं ती पेटी त्याच्याकडे सरकवली.

“मंग हे पेटी येताना बी तुम्हीच उचलजा,” ती म्हणाली. “लय जड आहे.”